गुरुवारचा दोरा

बुधवारी सकाळी तिनं माझ्यासाठी पाणी तापवलं आणि त्या पाण्यावरून आम्ही भांडलो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणाल तर ते हेच.

निळा प्लॅस्टिकचा टब तिनं कोल्हारच्या बाजारातून आणलेला. परसाकडून आल्यावर त्यात कोमट पाणी घालून मी दहा-पंधरा मिनिटं बसायचं, असं राहात्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. कोमट म्हणजे कोमट. पण आमच्या मंडळीला तो शब्द जन्मात पटला नाही. चहा असो, अंघोळ असो, की नवऱ्याचं ढुंगण, पाणी कढतच पाहिजे.

"अगं, भाजतंय."

"भाजल्याबिगर शेक बसतो व्हय? बसा गुमान."

"तूच बस मग."

"मी कशाला बसू? भगंदर तुमाला झालंय."

हे हळू बोलली असती तर बिघडत नव्हतं. आमच्या न्हाणीला वर पत्रा नाही आणि पलीकडच्या रानात बाया घास कापत होत्या. त्यातली एक हसली ते मला ऐकू आलं. ही आपली दारात माझ्याकडं पाठ करून गवारीच्या शेंगा मोडत बसली. म्हणाली, उद्या गुरुवार हाय, साडेसातची गाडी धरायची, धुतलेलं धोतर घाला. मी नुसतं हुं केलं. रागात होतो म्हणून धड उत्तर दिलं नाही.

दुपारी घासाचा भारा डोक्यावर घेऊन बांधापर्यंत आली, तिथं खाली बसली ती उठली नाही. छातीत कळ येऊन जागीच गेली, लोक म्हणाले. पोरगा जवळच्याच साखर कारखान्यात कामाला, तो धावत आला. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

लोक म्हणतात बाई लई चांगली होती. होती. पण तिच्याबरोबर चव्वेचाळीस वर्षं काढून बघा म्हणावं. लोक म्हणतात तिच्या मनात आडपडदा नव्हता. मनात नव्हता ते ठीक, तोंडाला तरी असावा की नाही.

माझ्या दुखण्याचंच घ्या. तीस वर्षं मी उसाचा ट्रॅक्टर चालवला. सीटवर गोणपाट टाकून चालवायचो. एका हंगामात बुडाशी गळू आलं. गावातल्या डॉक्टरनं चिरून पू काढला, थंड वाटलं, विसरलो. दोन महिन्यांनी त्याच जागी पुळी. फुटायची, वाहायची, सुकायची, परत फुगायची. मी समजलो मूळव्याध. आमच्याकडं खाली जे काही होतं त्याला मूळव्याधच म्हणतात. रस्त्याच्या कडेला एक पाटी होती, एका इंजेक्शनात बरं करतो म्हणून. कुणाला न सांगता तिथं गेलो. त्या गड्यानं पडद्याआड कसलं तरी इंजेक्शन मारलं आणि पुढचा महिनाभर मी ट्रॅक्टर उभ्यानं चालवला.

हिला कळलं ते धुण्यात. दगडावरून उठून माझी चड्डी घेऊन भर अंगणात आली आणि उन्हाला धरून बघायला लागली, बी-बियाणं पारखावं तशी.

"ह्ये रगात न्हाई. ह्यो पू हाय. किती दिस झालं?"

"हळू बोल की."

"हळू बोलल्यानं वाळंल का त्ये?"

दुसऱ्या दिवशी मला राहात्याला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, आयुर्वेदातल्या, भगंदराचंच काम करणाऱ्या. त्यांनी तपासलं आणि मग कागदावर चित्र काढून सांगितलं. गुदाच्या आत बारीक ग्रंथी असतात. त्यातली एक तुंबली, पिकली. पूला वाट पाहिजे, म्हणून तो मांसातून पोखरत कातडीला आला आणि तोंड फोडून बाहेर पडला. तेच माझं गळू. पू गेला पण वाट राहिली. आत एक तोंड, बाहेर एक तोंड, मधे नळी. गोळ्यांनी पू कमी होईल, नळी जाणार नाही. ट्रॅक्टरनं झालं का म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या ट्रॅक्टरनं त्रास वाढला असेल, झालं ते आतल्या ग्रंथीमुळं. मला यातलं निम्मं समजलं. हिला सगळं समजलं, आणि नसतं समजलं तर माझे दिवस सुखाचे गेले असते.

"खेकड्याचं बीळ," ती म्हणाली.

"काय म्हणालात मावशी?"

"आमचं रान पाटाच्या कडंला हाय. बांधात खेकडा बीळ करतो. भाईरून पानी गळतंय म्हनून मानूस भाईरचं तोंड चिखलानं बुजवतो. आतलं तोंड तसंच ऱ्हातं. दोन दिसांनी बांध दुसरीकडून गळतो. सगळं बीळ उकरून, बुडापासून माती भरत आल्याबिगर त्ये बंद व्हत न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "मावशी, हे मी आता सगळ्या पेशंटला असंच सांगणार."

"सांगा. पन आदी ह्यांचं उकरा."

लगेच उकरता येईना. नगरला जाऊन मोठ्या मशिनीत घालून फोटो काढायला लावला, तो बघून बाई म्हणाल्या, शी धरून ठेवणारा जो गोल स्नायू असतो त्याच्यातून नळी गेलीय, तीही बरीच वरून. वरवरची नळी असती तर एका फटक्यात उघडली असती. ही तशी उघडली तर बाबांना पुढं धरवणार नाही.

"म्हंजे बांध एकदम फोडला तर पाट मोकळा," ही म्हणाली.

"बरोबर."

दोघी माझ्याकडं बांधाकडं बघावं तसं बघत होत्या.

मग दोरा ठरला. औषध लावलेला दोरा बाहेरच्या तोंडातून घालून आतल्या तोंडातून काढायचा आणि गाठ मारायची. तो रोज थोडं थोडं कापत जातो आणि कापलेलं मागून भरत येतं, त्यामुळं स्नायू एकदम सुटत नाही. औषध आठवडाभर पुरतं. म्हणून दर गुरुवारी जुन्या दोऱ्याला नवा बांधायचा आणि ओढून घ्यायचा, लेंग्यात नाडा बदलतात तसा. पहिला दोरा निघाला तेव्हा हिनं तो डॉक्टरीणबाईंच्या हातून जवळजवळ हिसकावला आणि स्वतःच्या मधल्या बोटाला लावून बघितला. बोटाएवढा होता. पुढच्या गुरुवारी नखाएवढा कमी. म्हणाली, "कापतंय, कापतंय," आणि बाहेर जाऊन बाकड्यावरच्या पेशंटांना सांगून आली.

मशिनीतला फोटो तिनं घरी आणून खिडकीला लावला. उजेड मागून आला की नीट दिसतो म्हणे. आल्यागेल्याला चहाच्या आधी माझा फोटो. माझे व्याही आले होते, पहिल्यांदाच, नवी पाहुणकी. ही बोट लावून दाखवतेय, "ह्यो मधला रस्ता, ह्यो आवळायचा गोल, आन् ही पांढरी रेघ म्हंजे नळी, बघा." व्याही चष्मा काढून पुसायला लागले ते जाईपर्यंत पुसतच होते. मी फोटो काढून कणगीमागं टाकला. दुसऱ्या दिवशी परत खिडकीला.

मी आपली एक सोय काढली होती. आमच्याकडून राहात्याची गाडी पुढं शिर्डीला जाते आणि गुरुवारी ती दर्शनाच्या लोकांनी भरलेली असते. मी सगळ्यांना सांगत होतो, दर गुरुवारी दर्शनाला जातो. लोक हातही जोडायचे. चार गुरुवार चांगले गेले. पाचव्याला शेजारची बाई गाडीत म्हणाली, "भाग्यवान हाय काकू, दर आठवड्याला दर्शन घडतंय." मी हिचा हात दाबला. ही म्हणाली, "कसलं दर्शन? राहात्याला उतरायचं. ह्यांच्या बुडाचा दोरा बदलायचाय." कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता माझ्याकडं बघितलं. उतरताना त्यानं मला हात दिला. हात द्यायचा तो तिला द्यायला पाहिजे होता, गुडघे तिचे दुखत होते.

त्या रागात मी पुढचे दोन गुरुवार गेलोच नाही. एकदा खळ्यावर काम काढलं, एकदा पोट बिघडलंय म्हणालो. ती बडबडली, रडली, मी हललो नाही. दोरा झिजून आपोआप तुटला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आठ दिवसांत बूड फुगलं, ताप चढला. परत चिरून पू काढावा लागला. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, त्यानं जास्त लाज वाटली. म्हणाल्या, "बाबा, दोरा नसला की बाहेरचं तोंड मिटतं आणि आत पू साठतो. मागं भरलेलं आहे ते वाचलंय, पण उरलेल्या वाटेत परत दोरा घालावा लागेल. अजून एकदा असं केलंत तर नवीन फाटा फुटेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

परत येताना गाडीत मला बसवेना. हिनं मला दोघांच्या सीटवर कुशीवर झोपवलं आणि कोल्हार येईपर्यंत दांड्याला धरून उभी राहिली. लोक कुरकुरले. म्हणाली, "दोन तिकिटं काढल्यात. एक जागा ह्यांच्या डोक्याला, एक ह्यांच्या पायाला. मी तर उभीच हाय." घरी आल्यावर मला सांगितलं, "पुढचा दोरा चुकवला तर डॉक्टरीणबाईंना हितं आनीन. ओट्यावर बदलू. मांडव घालते." ती बोलेल ते करायची, हे मला माहीत होतं. मांडववाल्याचा नंबरही तिच्याकडं होता.

तेव्हापासून मी एकही गुरुवार चुकवला नाही. भीतीनं म्हणा.

माझ्या दुखण्यानं तिला नवीन खोड लागली. माणूस कसा बसतो हे बघायची. लग्नाच्या पंगतीत, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर. "त्यो बगा, एका कुल्ल्यावर बसलाय." मी म्हणायचो, असेल सवय. "सवय न्हाई. दर पाच मिन्टाला बाजू बदलतोय." आणि जाऊन विचारायची. तोंडावर. शाळेतून रिटायर झालेले एक गुरुजी आमच्या गल्लीत राहतात. एकटे, कडक इस्त्रीचे. हिनं पारावर चारचौघांत त्यांना विचारलं, "गुरुजी, पू येतो का वो?" गुरुजी उठून गेले. महिनाभर आमच्या दारावरून जायचं टाळत लांबच्या रस्त्यानं जात होते. मी तिला नको नको ते बोललो. ती म्हणाली, "जाऊ द्या लांबनं. चालताना बी पाय फाकवूनच चालत्यात."

मग एका गुरुवारी गुरुजी स्टँडवर उभे. हातात हार, नारळाची पिशवी. आम्हाला बघून म्हणाले, "दर्शनाला चाललोय." मी डोळे मिटले, आता ही काय बोलणार म्हणून. ही म्हणाली, "चला की, आमी बी दर्शनालाच." राहात्याला आमच्या मागं गुरुजी उतरले. दवाखान्यात त्यांची वरवरची नळी निघाली, एका दिवसाचं काम. ही बाहेर त्यांचा हार आणि नारळ सांभाळत बसली. गावात एका शब्दानं बोलली नाही. गेल्या महिन्यापासून ते स्वतःच सगळ्यांना सांगत सुटलेत म्हणून मी लिहितोय.

मला त्याचाच जास्त राग आला. म्हणालो, "गुरुजीचं झाकलंस आणि माझं गाडीभर केलंस?"

"गुरुजी घाबरत का हुईना, आपल्या पायानं आलं. तुमी आला असता का? झाकून झाकून मेला असता."

मी जेवण अर्धं सोडून उठलो, एवढंच करता आलं.

आणि ते दोऱ्याचं तर सांगायचंच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी एकदा प्रेमानं तिला सांगितलं, दोऱ्याला निवडुंगाच्या चिकाचे थर देतात, आघाड्याचा क्षार लावतात, वरून हळद, सगळे मिळून एकवीस थर. झालं. निवडुंग आमच्या बांधावर, आघाडा उकिरड्यावर, हळद डब्यात. हिला वाटलं आपण घरीच करू, गाडीची दगदग कशाला. बाजेच्या दोन खुरांना दोरा ताणला आणि लागली चीक लावायला. मी रानात होतो. आलो तर हिची बोटं फोडांनी भरलेली, एक डोळा सुजून बंद, आणि उघड्या डोळ्यानं ती मोजत होती, "चवदा." तिला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. डोळा वाचला. आठ दिवस मी भाकरी थापल्या, आणि त्या कशा झाल्या यावर ती एका डोळ्यानं बोलत राहिली.

तरी तो दोरा डब्यात घालून गुरुवारी राहात्याला नेलाच. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. "मावशी, आमचा दोरा मोजून-मापून, जंतू मारून केलेला असतो. हा आत घातला तर बाबांचं मांस जळेल."

"चवदाच थर झालेत. सात ऱ्हायलेत."

"एकही नको."

टाकून देईल तर शप्पथ. घरी आणून त्या दोऱ्यानं भोपळ्याचा वेल मांडवाला बांधला. आठ दिवसांत त्या जागी वेल करपला. मी तिला हाताला धरून नेऊन दाखवलं. ती वाकून बघत म्हणाली, "बगा, औशद जोरात उतरलंय."

अशा बाईबरोबर मी काय बोलणार. शेवटी शेवटी मी बोलणं सोडून दिलं होतं. दोरा बोटाच्या दोन पेरांवरून एकावर आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अजून तीन-चार गुरुवार, फक्त खंड पाडू नका. मी मनात धरून होतो की हे एकदाचं संपलं की तिला सांगायचं, आता माझ्या बुडाचं नाव घरात काढायचं नाही.

गुरुवारी सकाळी अंगणात जाजम टाकलं होतं. भाऊबंद आले, गल्लीतले आले. शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. मला मधे बसवलं. खाली फरशी, वर पातळ जाजम. मी एका बाजूला झुकून बसलो, मग दुसऱ्या. सात वाजले तसं माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं जायला लागलं. थोरला चुलतभाऊ शेजारी होता. त्याला हळू आवाजात म्हणालो, जरा राहात्याला जाऊन येतो.

"येडा झाला का? सुतक हाय. दहा दिस शीव वलांडायची न्हाई. लोक भेटाया येत्यात, आन् तू गाडीत बसून फिरतो?"

पोरगा म्हणाला, "तात्या, पुढच्या गुरुवारी मी गाडी करून नेतो. एका आठवड्यानं काय होतंय?"

त्याचं चुकलं नव्हतं. काय होतं ते त्यानं बघितलं नव्हतं, तेव्हा गाळपाचा हंगाम होता, तो कारखान्यावरच राहायचा. आणि मला उठायचंही नव्हतं. बसून राहिलो असतो तर कुणी काही म्हणणार नव्हतं. पुढच्या गुरुवारी आणखी कुणी काही कारण काढलं असतं, मीही काढलं असतं, मला मी माहीत आहे.

मी भिंतीला धरून उभा राहिलो. सगळे बघायला लागले. बायकांकडचं रडणं थांबलं.

"मला भगंदर झालंय," मी म्हणालो. "आज दोरा बदलायचा हाय. आज चुकला तर सगळं पहिल्यापासनं करावं लागंल. दुपारपत्तोर येतो."

यातलं प्रत्येकाला सगळं माहीत होतं, कित्येकांनी तर फोटो बघितला होता. तरी मी सांगितलं. भाऊ टोपी सारखी करत खाली बघत राहिला. पोरगा चपला शोधायला लागला, बरोबर येतो म्हणाला. मी म्हणालो, तू लोकांजवळ थांब, कुणीतरी पाहिजे.

धोतर आदल्या दिवशी धुतलेलंच होतं. साडेसातच्या गाडीत गर्दी होती. मी राहात्यापर्यंत उभा होतो.

डॉक्टरीणबाईंनी हातात मोजे घातले, मला कुशीवर झोपायला सांगितलं आणि दाराकडं बघून म्हणाल्या, "मावशी कुठं राहिल्या आज?"

"काल गेली," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. त्या काहीतरी बोलायला लागल्या.

"बाई, तुमी आदी दोरा बदला," मी म्हणालो. "मला घरी जाऊन बसायचंय. लोक आलेत."